भित्र्या मास्तरांचा हायड्रोजन

मास्तर भित्रे होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी त्यांना वीरपुरुष करायला बसणार नाही. चळवळीतल्या माणसाबद्दल लिहायचं म्हटलं की आमच्याकडे पहिल्याच ओळीत त्याला छाती काढून उभं करतात. मास्तरांना काढायला छातीच नव्हती. खांदे पुढे, मान आत, चालताना एक हात भिंतीला. ते कुत्र्याला भीत, वरातीतल्या दारूकामाला भीत, नदीला तर फारच भीत. पोस्टमन दिसला की आत जाऊन दाराआडून विचारत, "कुणाचं काही वाईट आहे का?" मासिक आलंय म्हटलं की मग कडी निघे.

पण त्यांची खरी भीती निराळी होती. कुणी सरळ प्रश्न विचारला की ते खरं सांगून टाकत. त्यात व्रत नव्हतं की तत्त्व नव्हतं. खोटं बोलायला गेले की ओठ कोरडे पडत, डाव्या डोळ्याची पापणी फडफडू लागे आणि तोंडून भलतंच काही निघे. म्हणून ते प्रश्नांपासूनच लांब पळत. नगरच्या ज्या हायस्कुलात ते विज्ञान शिकवत, तिथली पोरं बेचाळीसच्या ऑगस्टात वर्ग सोडून मिरवणुकीत गेली. हेडमास्तर एकेका शिक्षकाला बोलावून पोरांची नावं विचारणार अशी कुणकुण लागली, तेव्हा मास्तरांनी राजीनामा लिहून टेबलावर ठेवला आणि थेट स्टेशन गाठलं.

"विचारलं असतं तर मी सांगितलं असतं," ते मला म्हणाले. "म्हणून विचारायच्या आत निघालो."

पोरं वाचली, यांची नोकरी गेली. हेडमास्तर पुढे सुखाने निवृत्त झाला. तेही लिहून ठेवते.

ते पुणतांब्याला उतरले, कारण तिथे त्यांचं कुणी नव्हतं. म्हणजे विचारणारंही कुणी नव्हतं. स्टेशनापासून दूर, गावाच्या नदीकडच्या अंगाला एक तेलघाणा होता. त्याच्या मागच्या दोन खोल्या त्यांनी घेतल्या. घाण्याची मालकीण एक विधवा बाई होती. सगळं गाव तिला काकू म्हणे. घाणा, बैल आणि गिऱ्हाईक तिघांनाही ती एकाच आवाजात हाकायची.

मी तिथे पोचले ती दिवाळीच्या तोंडावर. माझ्या नावाचं वॉरंट निघालेलं होतं. पुण्याचं कॉलेज मी सोडलं होतं आणि आमच्या गटाची पत्रकं मी लिहीत होते, छापत होते. मास्तरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने ही जागा सुचवली. म्हणाला, "इतक्या भित्र्या माणसाकडे पोलीस कशाला फिरकतील?" शिवाय घाण्याची करकर दिवसभर चालायची. तिच्यात सायक्लोस्टाइलचा आवाज बुडून जायचा. यंत्र तसं लहान होतं, टेबलावर ठेवून हाताने रूळ फिरवायचं. ते आम्ही बळदात ठेवलं, पेंडीच्या पोत्यांखाली. बळद म्हणजे करडई साठवायची बिनखिडकीची कोठी. भर दुपारी आत गेलं तरी स्वतःचा हात दिसत नसे.

त्याच बळदात मास्तरांचा हायड्रोजन होता.

तो पाहून मला राग आला, हे खरंच सांगते. देश पेटलेला. रेल्वेच्या रुळांवर बंदुकीवाले शिपाई ट्रॉलीवरून फिरतायत. गावच्या माणसांना धरून धरून लायनीच्या पहाऱ्याला बसवतायत. आणि हा माणूस लोणच्याच्या बरण्यांत नारिंगी पाणी नि जस्ताच्या पट्ट्या घालून वीज मुरवत बसलाय! त्या बरण्यांतून तारा निघायच्या त्या एका जाड गुंडाळीला, तिला ते कॉइल म्हणत. कॉइलपासून दोन तारा काचेच्या एका बारीक नळीला. तारा जोडल्या की कॉइल चर्रर्र आवाज करायची, निळी ठिणगी उडायची आणि नळी गुलाबी पेटायची.

"आवं मास्तर," काकू दारातूनच ओरडायची, "त्या नळीत काय कोंडलंय म्हणायचं? सोडा की बिचाऱ्याला. पाप लागंल."

"काकू, तो वायू आहे."

"व्हय, समदी भुतं वायूचीच असत्यात."

मास्तर मग एक पितळी नळकांडं माझ्या हातात द्यायचे. "नुसत्या डोळ्यांनी गुलाबी दिसतं ते फसवं. यातून बघ."

मी बघितलं. गुलाबी गेलं. काळ्याकुट्ट अंधारात नुसत्या रेषा उभ्या होत्या. एक तांबडी, ठसठशीत. बरीच जागा सोडून एक निळसर हिरवी. मग एक जांभळट, आणि तिच्यापलीकडे एक इतकी अंधूक की आहे की नाही कळू नये. मधे काहीच नाही. सूर्याचा उजेड लोलकातून घेतला तर सलग पट्टा पडतो, हे शाळेत पाहिलेलं. इथे रंगांना जणू कुणी जागा नेमून दिल्या होत्या.

का, ते मास्तरांनी मला नदीच्या घाटावर सांगितलं. स्वतः वरच्या पायरीवर बसले, पाण्यापासून लांब.

"हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉन एकच. गर्दी नाही, म्हणून हिशेब लागतो. त्याला उभं राहायला पायऱ्या ठरलेल्या आहेत. घाटासारख्या सारख्या नाहीत हं. तळाची पायरी सोडून वर चढायचं तर पुरुषभर चढ. पुढचा चढ दीड वीत. मग चार बोटं, मग दोन बोटं, वर जावं तशा दाटत जातात. विजेचा धक्का बसला की इलेक्ट्रॉन वर फेकला जातो. वर त्याला राहवत नाही. खाली येतो, आणि जेवढी उंची सोडली तेवढा उजेड टाकतो. तिसरीवरून दुसरीवर आला की तांबडा. चौथीवरून दुसरीवर, निळसर हिरवा. पाचवीवरून, जांभळट. पायऱ्या ठरलेल्या, म्हणून उड्या ठरलेल्या, म्हणून रंग ठरलेले."

"आणि थेट तळाला पडला तर?"

"मग इतक्या जोराचा उजेड निघतो की आपल्या डोळ्यांना तो दिसतच नाही."

"वा! तळाला पडलेल्यांचा उजेड राज्यकर्त्यांना दिसत नाही. पुढच्या पत्रकाला मथळा झाला."

मास्तर दचकून उठलेच. "नको गं! इलेक्ट्रॉनला पत्रकात घालू नकोस. त्याला काही म्हणायचं नाहीये."

"बरं, मग तो मधे कधी असतो? दोन पायऱ्यांच्या मधे?"

"मधे नसतो. या पायरीवर असतो, नाहीतर त्या."

"मग मधून जातो कसा?"

त्यांचा चेहरा पडला. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "ते मला ठाऊक नाही. ज्यांनी हे शोधलं, त्यांनाही विचारू नये."

आमची भांडणं रोज व्हायची. मी म्हणायची, गोळ्या चालतायत आणि तुम्ही रेषा मोजताय. ते म्हणायचे, "गोळ्यांना मी भितो. रेषांना नाही भीत. एवढ्या एका ठिकाणी मला भीती वाटत नाही, तिथं बसू दे की." यावर मला तेव्हा उत्तर होतं आणि आजही आहे. देशाला त्या वेळी बसणारी माणसं नको होती. पण ते उत्तर ऐकून घ्यायला ते थांबत नसत. बळदात शिरत.

माझी ओळख गावात 'मास्तरांची भाची' अशी दिली होती. ती दिली आमच्या कार्यकर्त्याने. मास्तर त्या वेळी खाली मान घालून उभे होते. पण पाणवठ्यावर, दुकानात, कुणी सहज म्हणालं, "मास्तर, भाची आली म्हणं?" की यांचे ओठ कोरडे पडायचे आणि पापणी फडफडायला लागायची. एकदा तर ते वाण्याला म्हणाले, "तसं म्हणतात." मी घरी येऊन डोक्याला हात लावला. आज ना उद्या हा माणूस मला तुरुंगात घालणार, एवढं मला स्वच्छ दिसलं. झोपेतसुद्धा मला बुटांचे आवाज ऐकू यायचे.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मास्तरांनी धुतलेलं धोतर नेसलं, एक खण घेतला आणि मला विचारलं, "तुझी आई नगरला कुठल्या गल्लीत राहते?"

"कशाला?"

"मला बहीण नाही. तिने उद्या मला ओवाळलं की ती माझी बहीण झाली. मग तू भाची झालीस. मग मला कुणीही विचारू दे."

मी हसले, मग चिडले, मग हातापाया पडले. ऐकेनात. एरवी गाडीची शिट्टी वाजली तरी दचकणारा हा माणूस गाडीत बसून नगरला गेला. ज्या गावच्या किल्ल्यात सरकारने देशाचे पुढारी कोंडले होते आणि गल्लोगल्ली साध्या वेशातले पोलीस पेरले होते, त्या गावात. आईने त्यांना पाटावर बसवलं, ओवाळलं, करंजी खायला घातली. त्यांनी खण दिला, वाकून नमस्कार केला आणि निघाले.

परत आले ते पांढरे फटक पडून.

"झालं," म्हणाले. "आता तू माझी भाची. मला मामा म्हण." मग खाली बसले. "पण एक झालं. गल्लीच्या तोंडाशी पानाच्या दुकानापाशी एक जण उभा होता. म्हणाला, कपाळाला टिळा लावून आलात, बहिणीकडे आला होतात वाटतं? मी म्हटलं, हो. म्हणाला, पाहुणे कुठले?"

"आणि तुम्ही सांगितलंत."

"विचारलं त्यानं."

आमच्या त्या गल्लीत चळवळीतली आणखीही घरं होती. टिळा नेमका कुठल्या घरातला, हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं. तेवढीच आशा होती. सायक्लोस्टाइल न्यायला आमच्या माणसाची बैलगाडी यायची होती. यंत्र मागे टाकून पळणं मला शक्य नव्हतं, कारण ते सापडलं असतं तर मास्तर आणि काकू दोघंही गेले असते. आम्ही गाडीची वाट बघत बसलो. घाण्याचा बैल थबकला आणि करकर थांबली की मी उठून दाराच्या फटीतून बघायची.

गाडीच्या आधी फौजदार आला. भर दुपारी, दोन शिपाई घेऊन. घाणा चालूच होता, म्हणून बूट ऐकूच आले नाहीत. मी चुलीशी होते. मास्तर बळदात होते आणि त्यांची कॉइल आत चर्रर्र वाजत होती.

"हा कसला आवाज?" फौजदाराने विचारलं. तरणा होता, बोलायला गोड. त्याच्या गोड बोलण्याचीच मला जास्त भीती वाटली.

मास्तर बाहेर आले. "हायड्रोजन आहे, साहेब."

"अस्सं? मॅट्रिकला मला विज्ञानातच उडवलं होतं. दाखवा बघू, काय प्रकार आहे."

तो आत शिरला. मी दार लोटून आतच दाराशी उभी राहिले. शिपाई बाहेर काकूशी हुज्जत घालत होते. आत बसायला एकच जागा होती, पेंडीचं पोतं. फौजदार त्याच्यावर बसला. त्या पोत्याखाली माझं यंत्र होतं आणि यंत्रावर नुकतंच टाकलेलं पत्रक होतं. शाई अजून ओली होती. तिचा वास मला दारापर्यंत येत होता. करडईच्या पेंडीच्या वासात त्याला तो कळला नाही की काय, देव जाणे.

मास्तरांनी नळी पेटवली. पितळी नळकांडं त्याच्या हाती दिलं. पायऱ्या सांगितल्या, उड्या सांगितल्या, रंग सांगितले. सांगता सांगता त्यांचा आवाज स्थिर झाला. गुलाबी उजेडात फौजदाराचा जबडा तेवढा दिसत होता.

"खरंच की, रेषा आहेत," तो म्हणाला. "छान. आणि ही बाई कोण?"

"माझी भाची."

ओठ सुकले नाहीत, पापणी हलली नाही. मी श्वास सोडला.

"म्हणजे नगरच्या बहिणीची मुलगी? भाऊबीजेला गेला होतात त्या?"

"हो, साहेब."

"बहिणीचं नाव काय?"

कॉइल वाजत राहिली. मला कळलं, सगळं संपलं. भाऊबीजेचं खरं पहिल्या प्रश्नापुरतं पुरलं होतं. हा दुसरा प्रश्न होता, आणि या प्रश्नाचंही खरं उत्तर मास्तरांपाशी तयार होतं. ते त्यांच्या तोंडापर्यंत आलेलं मला दिसत होतं. आईचं नाव निघालं असतं, नावावरून घर निघालं असतं, घरावरून मी. आईलाही उचललं असतं.

मास्तरांनी तार सोडवली. नळी विझली. पूर्ण अंधार झाला. त्या अंधारातून त्यांचा आवाज आला. तसा आवाज मी त्यांचा आधी कधी ऐकला नव्हता.

"ते राहू द्या, साहेब. हा हायड्रोजन सगळा बनाव आहे. हे बिनतारी यंत्र आहे. मी यावरून बातम्या पाठवतो. एकटाच. या पोरीला यातलं काही माहीत नाही."

फौजदार पोत्यावरून ताडकन उठला.

मला वाटतं, अंधार नसता तर त्याने पापणी पाहिली असती. पण त्याला आता कुणाची बहीण, कुणाची भाची, काहीच नको होतं. खेड्यातल्या बळदात गुप्त रेडिओ सापडला होता! त्याची बढती त्याला त्या काळोखात लख्ख दिसली असणार. त्याने मास्तरांचे हात बांधले. कॉइल, नळी, नळकांडं शिपायाच्या डोक्यावर दिलं. बाकीचा पंचनामा सकाळी नगरचे साहेब येऊन करतील म्हणून बळदाला कुलूप ठोकलं, लाख लावली आणि दारात एक शिपाई बसवला. मला म्हणाला, "बाई, मामाची करणी पाहिलीत ना? गाव सोडायचं नाही."

मास्तरांनी जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांच्या धोतराला काहीतरी ओलं लागलं होतं. काय ते मी लिहीत नाही. भित्रे होते, हे आधीच सांगितलं आहे.

फौजदार शहरातला. बळद दारातून रिकामं करतात, पण भरतात वरून, हे त्याला कुठून ठाऊक असणार? काकूने शिपायाला भाकरी नि ठेचा वाढून गुंतवला, मला मागून धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर नेलं आणि बळदाच्या तोंडावरची फरशी सरकवली. "उतर," म्हणाली, "रडत्यास काय? मास्तर रडला व्हता का?" मी दोराने आत उतरले. यंत्र टोपल्यात घालून तिने वर ओढलं. मग मला. ऊन उतरायच्या आत मी होडीने गोदावरीच्या पलीकडे होते. टोपल्यात यंत्र, वर पेंड. नदीच्या मधोमध मला कळलं, आपले दात वाजतायत.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. नगरला लष्कराच्या एका जाणत्याने कॉइल पाहिली आणि सांगितलं की हे शाळेतलं खेळणं आहे. सरकार म्हणालं, मग याने कबूल का केलं? आणि विनाचौकशी डांबून ठेवलं. खुनाचा आरोप नाही, चोरीचा नाही, आरोपच नाही! हायड्रोजन बाळगला म्हणून माणूस तुरुंगात! त्यांना पुन्हा पुन्हा विचारायचे, आणि ते प्रत्येक वेळी म्हणायचे, बिनतारी यंत्रच आहे. कारण नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न बहिणीचा होता. एकदा खोटं बोलणं एक वेळ जमून जातं. या माणसाला ते रोज नव्याने बोलावं लागलं. सोबतच्या कैद्याने मला सांगितलं, चौकशीला नेणार म्हटलं की ते आदल्या दिवसापासून अन्न टाकायचे.

युद्ध संपत आलं तेव्हा सुटले. पुणतांब्यालाच परतले. काकूने खोल्या तशाच ठेवल्या होत्या. कॉइल आणि नळी मात्र परत मिळाली नाही.

स्वराज्य आलं. आता गावात एक समिती झाली आहे. 'गुप्त रेडिओवाले मास्तर' यांचा सत्कार करायचा म्हणते. कमान, हार, शाल. प्रमुख पाहुणे कोण? तोच फौजदार. आता तो मोठा अंमलदार आहे. गोऱ्यांच्या हाताखाली ज्या हातांनी दोरी बांधली, त्याच हातांनी तो शाल घालणार. 'मीच तो रेडिओ पकडला होता,' असं तो चार लोकांत अभिमानाने सांगतो म्हणे. समितीतल्या एकालाही यात शरम वाटत नाही.

समितीची माणसं येऊन गेल्यावर मास्तरांनी मला बोलावणं धाडलं. गेले तर हे बळदात बसलेले.

"मामा, बाहेर या. आता कशाला भिता?"

"राज्य बदललं, फौजदार तोच आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "तू लिहितेस ना? मग लिही, की तो रेडिओ नव्हता. तेव्हा मी एका माणसाशी खोटं बोललो. आता अख्ख्या गावाशी बोलायला लावतायत."

"नुसतं लिहून काय? सभेत उभी राहून सांगते. त्या अंमलदाराच्या तोंडावर सांगते, की तुमची बढती हायड्रोजनवर झाली. पण सत्कार जाईल हं."

"जाऊ दे. पण तो उठून पुन्हा विचारेल. बहिणीचं नाव."

"विचारू दे. आई पहिल्या रांगेत बसणार आहे. ती स्वतःच सांगेल."

मास्तरांनी दोन्ही हात गुडघ्यांत धरून ठेवले.

"मग मीही येतो," ते म्हणाले. "पण मला दाराजवळ बसव."